सौरज्वाला आणि भूचुंबकीय वादळं: गावाकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. मे 2024 मध्ये सूर्यावरच्या वादळाची बातमी टीव्हीवर झळकली तेव्हापासून या विषयाचे प्रश्न थांबलेले नाहीत. काही विद्यार्थ्यांचे, बरेचसे त्यांच्या वडिलांचे, दोन-तीन चक्क पानठेल्यावर गाडी थांबवून विचारलेले. तीच ती उत्तरं व्हॉइस मेसेजवर देऊन घसा बसला, म्हणून हे पान. प्रश्न शक्यतो ज्याच्या त्याच्या बोलीतच ठेवलेत.

सर, आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा लागते काय? ग्रुपवर आलं हाय.

नाही. हा मेसेज मी कित्येक वर्षं पाहतोय. त्यात तारीख कधीच नसते, नुसतं "आज" असतं, त्यामुळे तो शिळाच होत नाही. मुळात रात्री साडेबाराला सूर्य आपल्या पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला असतो. त्याचे क्ष-किरण जमिनीतून आरपार येऊन तुमच्या उशाखालचा फोन गाठत नाहीत. खऱ्या इशाऱ्यात तारीख असते, वेळ असते, तीव्रतेचा आकडा असतो. "दहा जणांना पाठवा" हे वाक्य मात्र नसतं.

सौरज्वाला आणि सौर वादळ एकच ना?

बातम्यांत एकच असतात, आकाशात नाहीत. सूर्यावरच्या एका स्फोटातून तीन वेगळ्या गोष्टी निघू शकतात आणि तिघींची चाल वेगळी असते. हे एकदा नीट लक्षात घ्या, कारण खालच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

पहिली ज्वाला. सूर्याच्या पृष्ठभागावर काळे ठिपके दिसतात ते सौरडाग. त्यांच्या वर चुंबकीय क्षेत्ररेषा चऱ्हाटासारख्या पिळल्या जातात. पीळ फार झाला की त्या तुटून नव्यानं जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा क्ष-किरण व अतिनील किरणांच्या रूपानं बाहेर पडते. हे किरण प्रकाशाच्या वेगानं येतात, म्हणजे 8 मिनिटं 20 सेकंदांत. त्यांच्या पुढं पळून आपल्याला सावध करेल असं जगात काही नाही. ज्वाला दिसली म्हणजे ती येऊन पोचलेलीच असते.

दुसरे वेगवान प्रोटॉन. मोठ्या स्फोटात ते निघतात आणि काही मिनिटांपासून काही तासांत पोचतात. काळजी अंतराळवीरांना, उपग्रहांना आणि ध्रुवाजवळून जाणाऱ्या विमानांना. आपण सोडून देऊ.

तिसरा ढग. अब्जावधी टन तापलेला वायू, स्वतःचं चुंबकीय क्षेत्र पोटात घेऊन सूर्यापासून सुटतो. त्याचं पूर्ण नाव कोरोनल मास इजेक्शन, पण सगळे सीएमई म्हणतात. त्याला पृथ्वीपर्यंत यायला एक ते तीन दिवस लागतात, फारच वेगवान असला तर सतरा-अठरा तास. तो पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला की जे होतं ते भूचुंबकीय वादळ.

वीज चमकली म्हणजे गारा आपल्याच वावरात पडतील असं नसतं. ज्वालेचं आणि ढगाचं नातं साधारण तसंच. ज्वाला मोठी आणि ढग नाहीच, असंही होतं. ढग निघाला पण पृथ्वीला चुकवून गेला, हे तर नेहमीचंच.

एक्स3.9, एम5, जी5, केपी 9 हे आकडे कसे वाचायचे?

ज्वालेचे वर्ग पाच: ए, बी, सी, एम, एक्स. प्रत्येक वर्ग आधीच्याच्या दहापट. एम1 पेक्षा एक्स1 दहापट आणि एक्स3.9 म्हणजे एक्स1 च्या जवळजवळ चौपट. अमेरिकेचे गोज उपग्रह क्ष-किरण मोजतात, त्यावरून हा वर्ग ठरतो. 4 नोव्हेंबर 2003 च्या ज्वालेनं त्या उपग्रहाचं मापकच भरून टाकलं. ती नंतर हिशेबानं एक्स28 च्या आसपास किंवा त्याहून मोठी धरली गेली.

वादळाचं माप वेगळं. केपी निर्देशांक 0 ते 9 असतो, दर तीन तासांनी निघतो आणि जगभरातल्या 13 वेधशाळांच्या नोंदींवरून जर्मनीतल्या पॉट्सडॅमची संस्था तो काढते. केपी 5 झाला की जी1, 9 झाला की जी5. म्हणजे "एक्स" ज्वालेचा आणि "जी" वादळाचा. एका वाहिनीच्या बातमीत मी "जी5 ज्वाला" ऐकलं आहे. ते म्हणजे पावसाचं माप अंश सेल्सियसमध्ये सांगण्यासारखं.

मग अंदाज काढतात तरी कसा?

तीन टप्प्यांत. प्रत्येक टप्प्याचा भरवसा वेगळा.

सूर्य शांत असतो तेव्हा डाग पाहतात. एकच ध्रुव असलेला साधा डाग सहसा काही करत नाही. उत्तर आणि दक्षिण ध्रुव एकाच डागाच्या करड्या किनारीत कोंबले गेले असतील, तर त्याला डेल्टा म्हणतात, आणि असा डाग बिघडलेल्या बैलासारखा: मारेलच असं नाही, पण जवळ जाताना सांभाळायचं. अशा डागांनी पूर्वी काय केलं याच्या नोंदींवरून टक्केवारी काढतात. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या बोल्डर इथलं अवकाश हवामान केंद्र पुढच्या तीन दिवसांची टक्केवारी रोज देतं. कोलकात्याच्या आयसरमध्येही अवकाश विज्ञानाचं केंद्र आहे, तिथूनही अशी पूर्वानुमानं निघतात. या टप्प्यावर "उद्या दुपारी दोनला ज्वाला" असं कुणी सांगत असेल तर तो ज्योतिषी आहे.

ज्वाला झाली की दुसरा टप्पा. सोहो नावाचं यान 1995 पासून सूर्याच्या बिंबापुढं चकती धरून कृत्रिम ग्रहण घडवतं आणि भोवतीच्या प्रभामंडलाचे (सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणाचे) फोटो पाठवतं. ढग एका बाजूला जाताना दिसला तर आपला संबंध नाही. तो चकतीभोवती कड्यासारखा सगळीकडून फुगताना दिसला तर तो आपल्या दिशेनं येतोय. किंवा आपल्यापासून बरोबर उलट दिशेनं जातोय! फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. मग स्फोट सूर्याच्या पुढच्या बाजूला झाला की मागच्या, हे दुसऱ्या दुर्बिणीच्या फोटोवरून ठरवतात. वेग मोजून संगणकावर त्याचा प्रवास चालवून बघतात आणि पोचण्याची वेळ सांगतात. ती दहा-बारा तासांनी पुढंमागं होणं ही नित्याची बाब.

तिसरा टप्पा पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, एल1 बिंदूपाशी. तिथं डिस्कव्हर आणि एस ही अमेरिकी यानं आहेत आणि जानेवारी 2024 पासून आपलं आदित्य-एल1 आहे. ढग तिथून गेला की त्याचा वेग, घनता, चुंबकीय दिशा प्रत्यक्ष मोजली जाते. सेकंदाला 800 किलोमीटर वेग असेल तर तिथून पृथ्वी अर्ध्या तासावर, 400 असेल तर तासाभरावर. खात्रीची सूचना मिळते ती एवढीच.

इतकं सगळं असून अंदाज चुकतो काऊन?

मुख्य कारण एकच आहे आणि ते जवळून बघण्यासारखं आहे. सूर्याकडच्या बाजूला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे रोखलेलं असतं. येणाऱ्या ढगाचं क्षेत्रही उत्तरेकडे असेल, तर दोघं एकमेकांना ढकलतात आणि ढग बराचसा बाजूनं निघून जातो. ढगाचं क्षेत्र दक्षिणेकडे असेल तर दोन्हीकडच्या रेषा एकमेकींत जुळतात आणि धुऱ्यावरचं फाटक उघडं राहिल्यासारखं होतं. मग गुरं आत. या उत्तर-दक्षिण घटकाला बीझेड म्हणतात. तो कित्येक तास उणे राहिला की वादळ पेटतं.

अडचण अशी की ढगाच्या पोटातली ही दिशा सूर्याच्या फोटोत नीट कळत नाही. ती एल1 ला पोचल्यावरच मोजता येते. म्हणजे दोन दिवस आधी आपल्याला माहीत असतं की गुरं येताहेत, पण फाटक उघडं असेल की बंद, हे ती दारात आल्यावर. म्हणून दोन दिवस गाजावाजा होऊन शेवटी काहीच होत नाही असे प्रसंग येतात आणि लोक म्हणतात, यांना काही कळत नाही. आपण पावसाच्या अंदाजालाही हेच म्हणतो.

थोडं पंचांगासारखं सांगता येतं ते एवढंच: सूर्य पृथ्वीवरून पाहता साधारण 27 दिवसांत एक फेरी मारतो, म्हणून प्रभामंडलातल्या एखाद्या विवरातून सुटलेला वेगवान सौरवारा (सूर्याकडून वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत) 27 दिवसांनी पुन्हा लागू शकतो. शिवाय मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास वादळं जास्त होतात.

मे 2024 मध्ये नेमकं काय झालं होतं? आपल्याकडं तर काहीच दिसलं नाही.

दिसलं नाही, पण ऐकू आलं. तो सबंध आठवडा 13664 क्रमांकाचा डागांचा समूह धुमसत होता. 10 मेला दुपारी 12 वाजून 24 मिनिटांनी एक्स3.9 ज्वाला झाली. त्या वेळी सूर्य आपल्या जवळपास डोक्यावर होता. मी घरी बाबांचा जुना रेडिओ शॉर्टवेव्हवर लावून बसलो होतो, एक परदेशी स्टेशन बऱ्यापैकी येत होतं. बोलणारी बाई विहिरीत उतरावी तशी खोल गेली आणि मग नुसता खरखराट. आईला वाटलं सेल गेले. अर्ध्या-पाऊण तासानं तीच बाई हळूहळू वर आली. ज्वालेच्या किरणांनी आयनांबराचा, म्हणजे वरच्या हवेतल्या विद्युतभारित पट्ट्याचा, सर्वांत खालचा थर दाट होतो आणि तो शॉर्टवेव्हच्या लहरी गिळतो. हे फक्त दिवस असलेल्या बाजूला होतं. एफएमला आणि मोबाईलला काहीही झालं नाही.

आधीच्या दिवसांत सुटलेले ढग एकमेकांना गाठत त्याच रात्री साडेदहाच्या सुमारास येऊन थडकले. ऑक्टोबर 2003 नंतरचं हे पहिलं जी5 वादळ. अमेरिकेत तेव्हा पेरणीचे दिवस होते. उपग्रहाच्या आधारानं सरळ रेषेत चालणारे तिथले ट्रॅक्टर भरकटले आणि काही शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली. लडाखमध्ये हानले इथल्या कॅमेऱ्यांत क्षितिजाजवळ लाल प्रकाश टिपला गेला.

आमची डीपी जळाली, थे सौर वादळानंच ना जी?

नाही हो काका. (डीपी म्हणजे वस्तीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर.) हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा आलाय आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच आहे.

भीती उगाच नाही. 13 मार्च 1989 च्या वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज दीड मिनिटात कोसळली आणि 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. पण ते कसं झालं ते बघा. वादळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र भराभर बदलतं, त्यामुळे जमिनीत विद्युतदाब तयार होतो आणि शेकडो किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिन्यांत नको असलेला प्रवाह शिरतो. क्वेबेक ध्रुवीय पट्ट्याजवळ आहे. त्यात तिथला खडक विजेला वाट देत नाही, म्हणून प्रवाह तारेतून गेला. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत, इथं हे प्रवाह खूप कमी असतात. त्याची चिंता करायचीच झाली तर 765 केव्हीचे मनोरे सांभाळणाऱ्यांनी करावी. तुमच्या डीपीला येणारी 11 केव्हीची लाइन त्या मानानं वीतभर.

डीपी जळते ती तीन मोटारींच्या जागी सात लावल्यानं, तेल उतरल्यानं, फ्यूजच्या जागी जाड तार घातल्यानं, किंवा मृगाच्या आधी वीज पडल्यानं. आमच्या वस्तीतली डीपी दोन वर्षांत तीनदा गेली आणि तिन्ही वेळा केपी 3 च्या वर नव्हता. मी पाहिलं होतं. तेव्हा अर्जात कारण म्हणून सूर्य लिहू नका, बदलीची डीपी अजूनच उशिरा येईल. विजेपासून सावध राहायचं असेल तर पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप घ्या. सौर वादळाच्या ॲपपेक्षा तुम्हाला त्याची गरज जास्त आहे.

नवतपात ऊन इतकं तापते थे सूर्यावरच्या स्फोटांनी काय?

नाही. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला सूर्याकडून साधारण 1361 वॅट ऊर्जा मिळते. एक्स1 ज्वालेच्या क्ष-किरणांची ऊर्जा तिथंच 0.0001 वॅट. म्हणजे एक कोटी छत्तीस लाखांवा हिस्सा, आणि तोही वरच्या वातावरणात जिरून जातो, खाली पोचतच नाही. अकरा वर्षांच्या सौरचक्रात सूर्याची एकूण ऊर्जा बदलते ती हजारात एक इतकी.

विदर्भ तापतो कारण मेच्या चौथ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट आपल्या डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस तोच), समुद्र लांब आहे, आणि जमीन तोवर कोरडी ठणठणीत झालेली असते. सूर्य जवळ आला म्हणावं तर तेही नाही. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर जाते ती जुलैच्या सुरुवातीला.

सौर कृषीपंपाच्या प्लेटा खराब होतील काय? की जास्त करंट येईल?

दोन्ही नाही. कारण वरच्याच उत्तरात आहे. करंट वाढवायचा असेल तर प्लेटांवरची धूळ पुसा.

मोजणीचा रोव्हर आणि फवारणीचा ड्रोन यांचं काय?

इथं मात्र मी "काही होत नाही" म्हणणार नाही. आपल्या भागात सौर वादळाचा खरा उपद्रव झालाच तर तो इथं.

उपग्रहाचा संदेश आयनांबरातून खाली येतो. तो थर वादळात घुसळला जातो, संदेशाला उशीर होतो आणि जागा चुकते. त्यात मध्य भारताचं स्थान विचित्र आहे. चुंबकीय विषुववृत्तावरून वर उचलले गेलेले विद्युतभार आपल्या आसपासच्या पट्ट्यात येऊन साचतात, त्यामुळे इथलं आयनांबर शांत दिवशीही दाट असतं. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यात बुडबुडे उठतात आणि उपग्रहाचा संदेश ताऱ्यासारखा लुकलुकतो. याला वादळ लागतच नाही.

फोनवरचा नकाशा चार-सहा मीटर चुकला तर तुम्हाला कळणारही नाही. मोजणीच्या रोव्हरला, म्हणजे उपग्रहांच्या आधारानं जमिनीची हद्द मोजणाऱ्या यंत्राला, सेंटिमीटर लागतात. 11 ऑक्टोबर 2024 ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्या धुऱ्याची मोजणी होती. सोयाबीन कापून गंजी लागलेली, शेजारचे भाऊ सकाळी आठपासून झाडाखाली बसलेले. आदल्या रात्री जी4 वादळ सुरू झालेलं होतं. रोव्हरच्या पडद्यावर "फ्लोट" (जागा अजून पक्की नाही) यायचं, मिनिटभर "फिक्स" (जागा पक्की) व्हायचं, पुन्हा "फ्लोट". मोजणीला आलेले कर्मचारी म्हणाले, नेट नाही. मी म्हणालो, सूर्य. शेजारचे भाऊ म्हणाले, तुम्हा दोघांनाही मोजायचंच नाही. खरं सांगायचं तर कोण बरोबर होतं ते आजही ठरवता येणार नाही, कारण रोव्हरची चूक दुरुस्त करणारा संदेश मोबाईलच्या नेटवरूनच येतो आणि आमच्या वावरात नेट असतं ते फक्त विहिरीच्या काठावर. तीन आठवड्यांनी पुन्हा आले आणि दोन तासांत काम झालं.

ड्रोनवाल्यांना माझं सांगणं साधं आहे. केपी 7 किंवा वर असेल तर त्या दिवशी पऱ्हाटीवर आपोआप फवारणीच्या भरवशावर राहू नका, हातात रिमोट आणि डोळ्यासमोर ड्रोन ठेवा. होकायंत्र बिघडेल ही भीती मात्र सोडा. अलिबागला पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक साधारण 38 हजार नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आहे. मे 2024 मध्ये वादळाची खोली, म्हणजे क्षेत्रातली घसरण, 400 च्या आसपास होती, म्हणजे शंभरात एक. सुई तुम्हाला हललेलीही दिसणार नाही.

मार्चमध्ये भर दुपारी डिश टीव्हीची छत्री पाच-दहा मिनिटं बंद पडते. तेही हेच?

ते सन आउटेज. विषुवदिनांच्या आसपास काही दिवस सूर्य नेमका त्या उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि छत्रीला उपग्रहापेक्षा सूर्यच मोठ्यानं ऐकू येतो. वेळ आधीच ठाऊक असते, ज्वालेशी संबंध नाही.

विदर्भातून ध्रुवीय प्रकाश दिसेल काय?

आशा ठेवू नका. 4 फेब्रुवारी 1872 च्या वादळात तो मुंबईहून दिसल्याची नोंद आहे, म्हणजे अशक्य म्हणता येत नाही, पण तसं वादळ शतकात एखादं. मे 2024 नंतर मला आठ-दहा जणांनी लाल आकाशाचे फोटो पाठवले. दोन वीटभट्ट्या होत्या, एक जंगलातला वणवा, बाकीचे धुळीतले सूर्यास्त. खरा असेल तर तो रात्री, उत्तरेला, क्षितिजालगत दिसेल.

सिंदेवाहीला आकाशातून लोखंडी कडं पडलं होतं, त्याचा सूर्याशी संबंध आहे का?

हा प्रश्न चंद्रपूरच्या एका मुलानं विचारला आणि मला फार आवडला. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची रात्र. आकाशातून जळत्या रेघा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. आसपास धातूचे गोळेही सापडले. एका चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असं जाणकारांचं मत पडलं.

त्या एका तुकड्याचं खापर सूर्यावर फोडता येणार नाही. पण संबंध आहे. सूर्य तापट असला की पृथ्वीचं वरचं वातावरण गरम होऊन फुगतं. खालच्या कक्षेत फिरणाऱ्या वस्तूंना ते जास्त घासतं आणि त्या लवकर खाली येतात. सिंदेवाहीच्या दोनच महिने आधी, 3 फेब्रुवारी 2022 ला सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी चाळीसच्या आसपास असेच गेले. वादळ तसं किरकोळच होतं, पण उपग्रह अजून फार खालच्या कक्षेत होते.

या सगळ्यात महाराष्ट्राचं काही आहे का, की सगळं अमेरिकेतच?

उलट, जगातली एक मोलाची नोंद आपली आहे. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टननं डाग रेखाटताना डोळ्यांदेखत ज्वाला पाहिली. दुसऱ्या दिवशी आलेलं वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदलं गेलं. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लानं घसरला होता. तेव्हा आपोआप नोंद करणारं यंत्र तिथं नव्हतं, माणसं जागेवर बसून आकडे वाचून लिहीत होती. वादळात पृथ्वीभोवती विषुववृत्ताच्या वर, अवकाशात, विद्युतप्रवाहाचं कडं तयार होतं. त्याचा परिणाम आपल्यासारख्या ठिकाणी स्वच्छ दिसतो, म्हणून कुलाब्याचे आकडे आजही शास्त्रज्ञ पुन्हा पुन्हा काढून बघतात.

पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहानं मोजमाप बिघडेल, हे ओळखून नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांनी 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा उभारली. दोन वर्षं दोन्हीकडं एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुने आकडे नव्याला जोडता येतील. (मला या माणसाबद्दल सर्वांत जास्त आदर या दोन वर्षांसाठी वाटतो.) आज ती पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि त्या संस्थेच्या वेधशाळांत आपलं नागपूरही आहे. आदित्य-एल1 वरची अतिनील फोटो काढणारी सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झाली.

रोजची माहिती कुठं बघायची? वेळा जुळत नाहीत.

बोल्डरच्या केंद्राचं संकेतस्थळ पुरेसं आहे. डाग बघायला सूर्यावर सतत नजर ठेवणाऱ्या एसडीओ यानाचे ताजे फोटो. वेळा जुळत नाहीत कारण त्या जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवा. केपीचा दिवसाचा पहिला खाना म्हणजे आपली सकाळी साडेपाच ते साडेआठ. टीव्हीवर "आज रात्री वादळ" सांगतात ती रात्र बऱ्याचदा अमेरिकेची असते आणि आपण तेव्हा न्याहारी करत असतो.

शाळेत मुलांना डाग कसे दाखवायचे? एक्स-रेची फिल्म चालते का?

फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल, पाण्याची परात, यातलं काहीही नको. दुर्बिणीतून थेट तर मुळीच नको, डोळा जातो आणि दुखतही नाही, त्यामुळे कळत नाही.

आम्ही 60 मिलीमीटरची छोटी दुर्बीण सूर्याकडं करून मागं फूटभर अंतरावर पांढरा पुठ्ठा धरतो. सोबतच्या शोधक दुर्बिणीवर टोपण घालून चिकटपट्टी लावतो. दुर्बिणीपाशी एक मोठा माणूस सतत उभा राहतो, कारण कुणीतरी डोळा लावतंच. सकाळी आठची वेळ, तेव्हा हवा स्थिर असते. पुठ्ठ्यावर 15 सेंटिमीटरचं वर्तुळ काढलेलं असतं, सूर्याची प्रतिमा त्यात बसवायची आणि डाग पेन्सिलीनं उतरवायचे.

मे 2024 मध्ये सुट्टी असूनही अकरा मुलं आली होती. सातवीतल्या एका मुलीनं पुठ्ठ्यावर फुंकर मारली, तिला तो कचरा वाटला. मग बोटानं पुसून पाहिलं, मग डाग तिच्या बोटावर आला. तिथंच सगळ्यांना चाचणी सापडली: पुठ्ठा हलवा. कचरा पुठ्ठ्याबरोबर जातो, डाग सूर्याबरोबर राहतो. या वर्तुळात पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी. 13664 चा तो समूह मात्र तुरीचे चार दाणे ओळीनं ठेवावेत इतका लांब होता. रोज तो थोडा थोडा सरकला, चौदा तारखेला काठावर गेला आणि महिनाअखेर नव्या क्रमांकानं परत उगवला. अकरापैकी चार मुलं तेव्हाही हजर होती.

गर्भवती बाई, हृदयाचे पेशंट यांनी काही काळजी?

सौर वादळासाठी वेगळी काही नाही. वातावरण आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीवरच्या माणसाला पुरेसं झाकतात. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हाची काळजी मात्र सर्वांनीच घ्यावी.

आता संपलं का हे? पुढचं मोठं वादळ कधी?

डागांचं चक्र साधारण अकरा वर्षांचं. सध्याचं, पंचविसावं, डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालं, आणि सूर्य कमाल टप्प्यात पोचल्याचं ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर झालं. पण कमाल टप्पा सरला म्हणजे धोका सरला असं नाही. 2003 ची ती मोठी वादळं त्या चक्राचा कळस होऊन दोन-तीन वर्षं लोटल्यावर आली होती, लोकांचं लक्ष उडाल्यावर. म्हणून आमची दुर्बीण अजून माळ्यावर गेलेली नाही. रविवारी सकाळी आठला, आभाळ नसेल तर, शाळेच्या पटांगणात या. पुठ्ठा आहे, पेन्सिल आपापली आणा.